उसण भरली म्हणून झोपून राहायचं का?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



कंबरेत उसण भरणं ही आपल्याकडे इतकी जुनी तक्रार आहे, की तिच्यावरचे उपायही घराघरांत ठरून गेलेले आहेत. पायाळू माणसाचा, म्हणजे जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले अशा माणसाचा, पाय कंबरेला लावून घ्यायचा. गरम विटेचा शेक घ्यायचा. तेल चोळायचं. आणि या सगळ्याच्या जोडीला एक सल्ला हमखास असायचा : "आता चार दिवस पडून राहा, अजिबात हलू नका." गंमत अशी, की पायाळू माणसावर काडीचा विश्वास नसलेले डॉक्टरही हा शेवटचा सल्ला मात्र वर्षानुवर्षं देत आले. मी १९८०च्या दशकात फिजिओथेरपी शिकत होते. त्या वेळी कंबरदुखीचे रुग्ण वॉर्डात दोन-दोन आठवडे फळीवर झोपलेले असत, पायांना वजनं टांगलेली असत, आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटत नसे.

पायाळू माणसाच्या पायाला गुण का येत असे, याचं उत्तर साधं आहे. अचानक भरलेली उसण बहुतेकांच्या बाबतीत काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत, आपली आपण पुष्कळ कमी होते. त्या काळात जो कोणी उपाय करील, त्याच्या पदरात श्रेय पडतं. पायाळू माणसाच्या पडतं, मालिशवाल्याच्या पडतं, आणि खरं सांगायचं तर आमच्या दवाखान्यातल्या यंत्रांच्याही पडतं. म्हणून एखाद्या उपायानं गुण आला, की गुण येणारच होता, हे ठरवायला तुलना करावी लागते. सारखी तक्रार असलेल्या लोकांचे चिठ्ठ्या टाकून गट करायचे, प्रत्येक गटाला वेगळा सल्ला द्यायचा आणि मग मोजायचं.

अमेरिकेत टेक्सासमध्ये रिचर्ड डेयो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असं मोजलं. त्यांचा अभ्यास १९८६ साली प्रसिद्ध झाला. कंबरदुखीच्या २०३ रुग्णांपैकी काहींना त्यांनी दोन दिवस झोपून राहायला सांगितलं आणि काहींना सात दिवस. बरं होण्यात दोन्ही गटांत फरक दिसला नाही. फरक पडला तो कामावरच्या खाड्यांत. दोन दिवसांचा सल्ला मिळालेल्यांचे खाडे ४५ टक्क्यांनी कमी होते. ज्याचं पोट रोजंदारीवर आहे, त्याच्यासाठी हा आकडा किती मोठा आहे, हे मी सांगायला नको.

पुढचा प्रश्न फिनलंडमधल्या संशोधकांनी विचारला : मग ते दोन दिवस तरी कशाला? हेलसिंकी महापालिकेच्या १८६ कर्मचाऱ्यांवरचा हा अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध झाला. एका गटाला दोन दिवस विश्रांती, दुसऱ्याला कंबरेचे खास व्यायाम, आणि तिसऱ्याला फक्त इतकंच सांगितलं, की दुखणं सोसवेल त्या बेतानं रोजचे व्यवहार चालू ठेवा. तीन आठवड्यांनी आणि बारा आठवड्यांनी पाहिलं, तर तिसरा गट सर्वांत पुढे होता. सर्वांत हळू सुधारले ते झोपून राहिलेले. आमच्या व्यवसायाला हा निष्कर्ष थोडा झोंबणाराही आहे, कारण उसण ताजी असताना आमचे खास व्यायामसुद्धा साध्या हिंडण्याफिरण्याच्या मागे पडले. व्यायामाचं महत्त्व आहे, पण ते नंतर, दुखणं रेंगाळतं तेव्हा.

असं का होत असावं? झोपून राहिलं की स्नायूंची ताकद झपाट्यानं उतरते. दोन मणक्यांमध्ये जी गादी असते, जिला आपण डिस्क म्हणतो, तिला मोठेपणी स्वतःचा रक्तपुरवठा जवळपास नसतो. आजूबाजूच्या भागातून झिरपत येणाऱ्या द्रवावर तिचं पोषण चालतं. पण माझ्या अनुभवात यापेक्षाही मोठं नुकसान होतं ते मनाचं. आठ दिवस पडून राहिलेल्या माणसाची खात्री पटते, की आपल्या आत काहीतरी मोडलं आहे. मग तो उठतानाही श्वास रोखून, कंबर ताठ धरून उठतो. स्नायू सतत आवळलेले राहतात आणि त्यामुळेच आणखी दुखतात.

या खात्रीला खतपाणी घालतो तो फोटो. एक्स-रे असो किंवा एमआरआय. "मणक्यात गॅप आहे", "गादी सरकली आहे", "मणके झिजले आहेत" ही वाक्यं आपल्यापैकी कुणी ऐकली नसतील? आता १९९४ सालचा एक अमेरिकन अभ्यास पाहा. ज्यांची कंबर अजिबात दुखत नव्हती अशा ९८ लोकांचे एमआरआय काढले. त्यांतल्या ५२ टक्के लोकांची किमान एक तरी डिस्क फुगलेली निघाली, आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. पुढे २०१५ साली अशा ३३ अभ्यासांतल्या ३,११० निरोगी लोकांची माहिती एकत्र केली गेली. डिस्कची झीज विशीत ३७ टक्के लोकांत होती आणि ऐंशीत ९६ टक्के लोकांत. डोक्यावर पांढरे केस यावेत, तसाच हा प्रकार. पांढऱ्या केसांमुळे डोकं दुखतं, असं आपण म्हणत नाही. शिवाय खरोखरच सरकलेला डिस्कचा भाग शरीर पुष्कळदा हळूहळू शोषून घेतं. ही गोष्ट रुग्णांना कुणी सांगतच नाही.

माझ्याकडे एक बाई आल्या. सहा घरी पोळ्या करणाऱ्या. पिशवीत जपून गुंडाळलेला एक्स-रे. कुठल्याशा दवाखान्यात त्यांना सांगितलं होतं, "गॅप आहे, आता वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, जन्मभर पट्टा लावायचा." सव्वा महिना त्या घरी होत्या. सहापैकी तीन घरची कामं गेली होती. मी विचारलं, "मावशी, सगळ्यात जास्त कशाची भीती वाटते?" त्या म्हणाल्या, "मॅडम, वाकले तर मणका निसटंल आन् मी लुळी पडंन. मग पोरींचं कोण बघणार?" दुखतं किती, हे त्यांनी सांगितलंच नाही. मी त्यांची नीट तपासणी केली. पायांतली ताकद उत्तम, संवेदना व्यवस्थित. मग त्यांच्याच एक्स-रेवर बोट ठेवून दाखवलं, की दोन मणक्यांमध्ये जागा प्रत्येकाला असते, माझ्याही मणक्यांत आहे, नसती तर मला मान वळवता आली नसती. त्या हसल्या. त्या दिवशी आम्ही फक्त एक गोष्ट केली. स्टुलावरची रिकामी बादली उचलायची आणि परत ठेवायची, पाच वेळा. पुढच्या आठवड्यात बादली जमिनीवर आली. नंतर तिच्यात तांब्याभर पाणी, मग अर्धी बादली. दुखायचं थोडं, पण लुळं पडणं काही झालं नाही, आणि हे त्यांच्या शरीरानंच त्यांना पटवलं. दोन महिन्यांनी त्या पाच घरी पोळ्या करत होत्या. सहावं घर पुन्हा मिळालं नाही.

बोलण्यानं खरंच इतका फरक पडतो का? ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यानं १९९७ मध्ये हे अख्ख्या समाजावर करून पाहिलं. टीव्हीवर जाहिराती दिल्या : कंबर दुखली तरी हिंडते-फिरते राहा, कामावर जा. शेजारच्या राज्यात अशी मोहीम नव्हती, त्यामुळे तुलना करता आली. व्हिक्टोरियात लोकांच्या समजुती बदलल्या, डॉक्टरांच्याही बदलल्या, आणि कंबरदुखीपायी नुकसानभरपाई मागणाऱ्यांची संख्या कमी झाली. औषधाची एक गोळीही न वाटता.

हे भाषण माझे काही तरुण सहकारीही ऐकत असतील. त्यांच्याशी दोन शब्द बोलते, रुग्णांनीही ऐकायला हरकत नाही. पहिल्या भेटीत यंत्राकडे जाण्याआधी रुग्ण दिवसभर काय काम करतो ते विचारा. रिक्षा चालवतो, की माथाडी काम करतो, की तान्हं मूल कडेवर असतं? व्यायाम त्या कामातूनच शोधा. दहा व्यायामांची छापील यादी हातात देऊ नका. ती फ्रिजवर चिकटते आणि तिथंच राहते. दोनच द्या, आपल्यासमोर करून घ्या, आणि पुढच्या वेळी "केलेत का?" असं न विचारता "कसे करता, दाखवा" असं म्हणा. आणखी एक. "दुखेपर्यंत करा" असं सांगितलं, की माणूस दुखण्याची वाट पाहत बसतो. त्याऐवजी माप ठरवून द्या. दहा मिनिटं चाला, म्हणजे दहाच मिनिटं. बरं वाटलं तरी अर्धा तास नाही आणि थोडं दुखलं तरी दोन मिनिटांत घरी परत नाही. आणि जिभेवर ताबा ठेवा. "तुमचा मणका सत्तर वर्षांच्या माणसासारखा झालाय" हे वाक्य आपण बोलून विसरतो, रुग्ण दहा वर्षं विसरत नाही.

पट्टा आणि वजनं यांबद्दल लोक नेहमी विचारतात. जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. नीट समजावून सांगणं आणि व्यायाम यांची तिथं शिफारस आहे. पट्टे, वजन लावून ताण देणं आणि अल्ट्रासाउंडचा शेक यांची नेहमीचा उपचार म्हणून शिफारस नाही. आपल्याकडच्या कित्येक दवाखान्यांचा अर्धा दिवस याच गोष्टींवर जातो, आणि बिलाचा मोठा भागही. रुग्णाला पलंगावर निजवून यंत्र लावून देणं सोपं असतं. त्याच्याशी वीस मिनिटं बोलणं अवघड असतं, आणि त्याचे पैसे मागताना आपल्यालाच संकोच वाटतो. गरम पाण्याची पिशवी मात्र खुशाल घ्या. तिनं बरं वाटतं आणि घरात फुकट मिळते.

आता थोडं सावध करणारं. माझं आतापर्यंतचं बोलणं साध्या कंबरदुखीबद्दल आहे, आणि बहुतेकांची कंबरदुखी तशीच असते. पण लघवी किंवा शौच यांवरचा ताबा गेला, लघवी अडली, बसण्याच्या जागी किंवा मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा आला, तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा. तिथं तासांचा हिशोब असतो. पाऊल उचलता येईना, चप्पल पायातून निसटू लागली, ताकद दिवसेंदिवस उतरू लागली, तरी थांबू नका. बारीक ताप, वजन घटणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं यांकडे तर आपल्या देशात विशेष लक्ष द्यायला हवं, कारण मणक्याचा क्षयरोग आपल्याकडे अजून आहे आणि वेळेत कळला तर औषधांनी बरा होतो. पूर्वी कर्करोग झालेला असेल, बरेच महिने स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील किंवा वय झालेलं माणूस पडलं असेल, तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घरगुती उपाय नकोत. यातले काही प्रश्न रुग्ण लाजेनं स्वतःहून काढत नाहीत, विशेषतः बायका. ते तपासणाऱ्यानंच साध्या मराठीत विचारायचे असतात.

एकदा बरी झालेली कंबर पुन्हा दुखू लागते, हा सर्वांचा अनुभव. त्यावर सिडनीच्या मॅक्वारी विद्यापीठातल्या संशोधकांचा अभ्यास २०२४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. नुकत्याच कंबरदुखीतून उठलेल्या ७०१ जणांपैकी निम्म्यांना फिजिओथेरपिस्टच्या मार्गदर्शनाखाली हळूहळू चालणं वाढवायला लावलं. आठवड्यातून पाच दिवस, रोज अर्धा तास, इथपर्यंत सहा महिन्यांत पोहोचायचं. बाकीच्यांना काही सांगितलं नाही. न चालणाऱ्या गटात दुखणं परतण्याचा मधला काळ ११२ दिवस निघाला, चालणाऱ्या गटात २०८. म्हणजे जवळजवळ दुप्पट निवांत दिवस, आणि तेही केवळ चालून. आपल्याकडे अडचण फुटपाथची आहे, हे मान्य. शाळेचं मैदान, देवळाचं आवार, इमारतीची गच्ची, जिथं जमेल तिथं चाला. बायकांना वेळ मिळत नाही, हेही खरं. अर्धा तास एकदम नसेल तर दहा-दहा मिनिटांचे तीन तुकडे करा. आणि "घरात दिवसभर चालणं होतंच की" हे उत्तर मी ऐकून घेत नाही. ओट्यापासून बेसिनपर्यंत जाणं म्हणजे चालणं नव्हे.

मणक्यातल्या गादीबद्दल बोललो, तसं पलंगावरच्या गादीबद्दलही सांगते, कारण हा प्रश्न मला लग्नसमारंभातसुद्धा विचारला जातो. कंबर दुखली की फळीवर किंवा लादीवर झोपायचं, ही पक्की समजूत आहे. स्पेनमध्ये जुनाट कंबरदुखीच्या ३१३ लोकांना काहींना कडक आणि काहींना मध्यम कडक गाद्या देऊन पाहिलं. २००३ साली निष्कर्ष आला : मध्यम गादीवाल्यांचा त्रास जास्त कमी झाला. तेव्हा आजोबांना लादीवरून उठवा आणि त्यांची कापसाची गादी त्यांना परत द्या. कापूस बसून गोळे झाले असतील तर पिंजून घ्या. हजारो रुपयांची, डॉक्टरांच्या नावानं विकली जाणारी गादी आणण्याची गरज नाही. आहे त्या गादीवर झोप लागत असेल तर तीच राहू द्या.