सद्भावनेची ढाल

(एका अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

अमेरिकेतील पोलीस-सुधारणा, तेथील वर्णभेद आणि राज्यकारभारातील धर्माचे स्थान अशा तीन विषयांवर मी बोलावे, असे संयोजकांनी मला कळवले होते. एका तासात तीन विषयांना नुसते शिवून जाण्यापेक्षा एकच हकीकत नीट सांगावी, असे मी ठरवले आहे. ती मिसिसिपी राज्यातील जॅक्सन शहरात, एका बसस्थानकावर घडली. तिन्ही प्रश्न त्या दिवशी तिथे एकत्र आले होते.

दिवस होता १३ सप्टेंबर १९६१. एपिस्कोपल पंथाचे पंधरा धर्मोपदेशक, बारा गोरे आणि तिघे काळे, वर्णभेदाचा निषेध करीत प्रार्थनायात्रेला निघाले होते. चॅटानुगाची बस सुटण्यापूर्वी स्थानकातील लहानशा उपाहारगृहात जेवून घ्यावे, एवढाच त्यांचा बेत. प्रतीक्षालयावर पाटी होती : हे प्रतीक्षालय फक्त गोऱ्यांसाठी, पोलीस खात्याच्या आदेशावरून. मित्रहो, या पाटीतील शेवटचे शब्द लक्षात ठेवा. आदेश बसकंपनीचा नव्हता, चर्चचा तर नव्हताच. तो पोलीस खात्याचा होता. दोन शिपाई यांची वाटच पाहत उभे होते. 'पुढे चला,' ते म्हणाले. 'आम्हांला जेवायचे आहे,' असे उत्तर मिळाले. मग कॅप्टन आला आणि पंधराही जणांना शांतताभंगाच्या आरोपाखाली अटक झाली. स्थानिक दंडाधिकाऱ्याने प्रत्येकाला चार महिने कैद आणि दोनशे डॉलर दंड ठोठावला. अपिलात यांपैकी एकाला न्यायाधीशांनी निर्दोष ठरवले आणि उरलेल्यांवरील खटले काढून घेण्यात आले. कारण उघड होते : शांतता कोणीच भंग केली नव्हती.

जॅक्सनचे नाव आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना निराळ्या कारणाने आठवत असेल. १९६४ च्या मे महिन्यात डॉ. राममनोहर लोहिया याच शहरात गोऱ्यांसाठी राखलेल्या एका उपाहारगृहात गेले. प्रवेश नाकारला गेल्यावरही ते पुन्हा गेले आणि त्यांना अटक झाली. ते परदेशी पाहुणे असल्याने वॉशिंग्टनच्या परराष्ट्र खात्याने दिलगिरी व्यक्त केली. त्याच गावात जन्मलेल्या काळ्या माणसाची दिलगिरी मात्र कोणी व्यक्त केली नव्हती.

त्या धर्मोपदेशकांची गोष्ट इथेच संपली असती, तर ती एका सत्याग्रहाची गोष्ट ठरली असती. परंतु त्यांच्यापैकी काहींनी पोलिसांवर आणि त्या दंडाधिकाऱ्यावर नुकसानभरपाईचा दावा लावला. त्यांत रॉबर्ट पिअरसन नावाचे गोरे पाद्री होते. न्यूयॉर्कचे गव्हर्नर नेल्सन रॉकफेलर यांचे ते जावई. सत्तेशी इतके जवळचे नाते असलेला माणूसही मिसिसिपीच्या पोलीस कोठडीतून सुटला नाही, यावरून इतरांची कल्पना करावी.

दाव्याचा आधार होता १८७१ चा कायदा. यादवी युद्धानंतर दक्षिणेतील मुक्त गुलामांवर कू क्लक्स क्लॅनने जे अत्याचार चालवले, त्यांत स्थानिक अधिकारी एक तर सामील होते किंवा मुकाट. म्हणून अमेरिकन काँग्रेसने ठरवले की, सरकारी अधिकाराच्या आवरणाखाली जो कोणी नागरिकाचा घटनादत्त हक्क हिरावून घेईल, त्याच्यावर त्या नागरिकाला केंद्रीय न्यायालयात दावा लावता येईल. यानंतर दोनच वर्षांनी, १८७३ साली, जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' हा ग्रंथ ज्या अमेरिकन लोकांना अर्पण केला, त्यांच्याच प्रतिनिधींनी केलेला हा कायदा. तो लिहिताना एक शब्दसमूह मुद्दाम घातलेला होता : राज्यातील कायदा वा रूढी काहीही असो, जबाबदारी टळणार नाही. १८७४ साली केंद्रीय कायद्यांचे संकलन झाले, त्यात हे शब्द गळाले. लोकप्रतिनिधींनी ते मतदानाने काढले नव्हते. संकलनाच्या कामात ते गेले. जवळजवळ दीडशे वर्षे याकडे फारसे कोणी पाहिले नाही. अलीकडे, २०२३ साली, एका कायदेपंडिताने याकडे पुन्हा लक्ष वेधले.

कायदा जवळजवळ नव्वद वर्षे निजून होता. शिकागोत तेरा पोलिसांनी पहाटे एका काळ्या कुटुंबाच्या घरात घुसून त्यांना नग्नावस्थेत उभे केल्याची तक्रार झाली, आणि फेब्रुवारी १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा दाव्यांसाठी १८७१ चा कायदा पुन्हा खुला केला. सात महिन्यांनी जॅक्सनची अटक झाली.

११ एप्रिल १९६७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पिअरसन यांच्या दाव्यावर निकाल दिला. निकालपत्र लिहिले सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांनी. १९५४ साली शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारे तेच वॉरन. दंडाधिकाऱ्याला त्यांनी संपूर्ण अभय दिले. पोलिसांविषयी ते म्हणाले की, जो कायदा पोलिसाला प्रामाणिकपणे वैध वाटत होता, त्याखाली त्याने सद्भावनेने अटक केली असेल, तर तो कायदा पुढे घटनाबाह्य ठरला म्हणून त्याच्याकडून भरपाई घेता येणार नाही. अटक न करावी तर कर्तव्यच्युतीचा ठपका, करावी तर खिशाला भुर्दंड, अशा कात्रीत पोलिसाला धरू नये, असा त्यांचा विचार. ऐकायला हे न्याय्य वाटते. पण १८७१ च्या कायद्यात असे अभय कुठेही लिहिलेले नव्हते.

पुढे १९८२ साली निक्सन यांच्या सहाय्यकांविरुद्धच्या एका खटल्यात (त्यात ना पोलीस होता ना काळा माणूस) न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकले. अधिकाऱ्याच्या मनात सद्भावना होती की नाही, हे आता तपासायचेच नाही. जो हक्क मोडला तो पूर्वीच्या निकालांनी स्पष्टपणे प्रस्थापित झालेला होता काय, एवढेच पाहायचे. म्हणजे जिच्या नावाने ही ढाल घडवली होती ती सद्भावना गळून पडली आणि नुसती ढाल उरली. नॅशव्हिलमधील एका प्रकरणात, हात वर करून बसलेल्या माणसावर पोलिसांनी कुत्रा सोडला. पूर्वीच्या एका प्रकरणात माणूस आडवा पडून शरण आला होता. हा बसून शरण आला होता. सबब हक्क स्पष्टपणे प्रस्थापित नव्हता, असे अपील न्यायालयाने ठरवले. १५ जून २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने या प्रकरणात लक्ष घालण्यास नकार दिला. न्यायमूर्ती क्लॅरन्स टॉमस यांनी त्या नकाराला भिन्नमत नोंदवले. स्वतः कृष्णवर्णीय असलेले टॉमस त्या न्यायालयातील सर्वांत उजव्या न्यायमूर्तींपैकी एक आहेत. हा प्रश्न केवळ डाव्यांचा नाही, एवढे यावरून कळावे.

त्या नकाराच्या तीनच आठवडे आधी, २५ मे २०२० रोजी, मिनिआपोलिस येथे जॉर्ज फ्लॉइड यांच्या मानेवर एका पोलिसाने नऊ मिनिटांहून अधिक काळ गुडघा दाबून धरला होता. त्यानंतर अमेरिका रस्त्यावर आली. त्या पोलिसाला २०२१ साली साडेबावीस वर्षांची शिक्षा झाली. फ्लॉइड यांच्या नावाचे पोलीस-सुधारणा विधेयक प्रतिनिधिगृहाने २०२० मध्ये आणि पुन्हा ३ मार्च २०२१ रोजी २२० विरुद्ध २१२ मतांनी संमत केले. त्यात पोलिसांचे हे अभय काढून घेण्याची तरतूद होती, आणि वाटाघाटींत सर्वांत मोठा अडसर ठरली ती हीच. सिनेटमधील बोलणी सप्टेंबर २०२१ मध्ये मोडली.

भरपाई गेल्यास पोलीस कंगाल होईल, असा अभयाच्या समर्थकांचा युक्तिवाद असतो. २०१४ साली जोआना श्वार्ट्झ या विदुषीने याचा हिशेब मांडला. पीडितांना मिळालेल्या रकमेपैकी सुमारे ९९.९८ टक्के रक्कम सरकारांनी भरली होती, पोलिसांनी नव्हे. फ्लॉइड यांच्या कुटुंबीयांना मिनिआपोलिसने २ कोटी ७० लाख डॉलर दिले. ते शहराच्या तिजोरीतले. तेव्हा ही ढाल पोलिसाच्या खिशाचे रक्षण करते असे म्हणणे खरे नाही. ती रक्षण करते ते प्रश्न विचारले जाण्यापासून.

आता एक गोष्ट सांगायची आहे, जी या सभागृहात कडू लागेल. आपल्यापैकी पुष्कळजण कामगार चळवळीतून आलेले आहेत. अमेरिकेत पोलिसांच्या संघटना आहेत आणि सामुदायिक करारांच्या बळावर त्यांनी जे मिळवले, त्यात केवळ पगार आणि रजा नाहीत. शिस्तभंगाची कारवाई लवादापुढे नेण्याचा हक्क आहे, आणि या मार्गाने बडतर्फ पोलीस पुन्हा गणवेशात आल्याची उदाहरणे अनेक शहरांत आहेत. कामगाराला मालकाच्या लहरीपासून वाचवणारे हत्यार इथे नागरिकापासून पोलिसाला वाचवते. संघटनेचा हक्क काढून घ्या, असे मी म्हणणार नाही. पण ज्याच्या हातात दंडुका आणि पिस्तूल आहे, त्याची शिस्त हा त्याच्या आणि मालकाच्या दरम्यानचा खासगी व्यवहार होऊ शकत नाही, हे आपण म्हटले पाहिजे; आणि ते उजव्यांच्या आधी म्हटले पाहिजे.

दुसऱ्या बाजूची गल्लतही सांगतो. पोलीस खात्याचा पैसाच काढून घ्या, ही घोषणा २०२० मध्ये गाजली. त्याच वर्षीच्या गॅलप पाहणीत ८१ टक्के काळ्या अमेरिकनांनी सांगितले की, आपल्या वस्तीत पोलीस आहेत तितकेच असावेत किंवा वाढावेत. नोव्हेंबर २०२१ मध्ये मिनिआपोलिसच्याच मतदारांनी पोलीस खात्याच्या जागी नवे खाते आणण्याचा प्रस्ताव फेटाळला. गरीब वस्तीला चोरही नको असतो आणि दंडुकाही. ज्याच्या घराला कुंपण आहे, त्याला या दोहोंपैकी एक निवडणे सोपे जाते.

आता धर्माकडे येऊ. आपण समाजवादी लोक एक सूत्र पाठ केल्यासारखे म्हणतो : धर्म ही खासगी बाब आहे. जॅक्सनच्या बसस्थानकावर हे सूत्र अपुरे पडते. त्या पंधरा जणांनी धर्म खासगी ठेवला असता, तर ते आपापल्या चर्चमध्ये बसून राहिले असते आणि पाटी तशीच राहिली असती. अमेरिकन घटनेच्या पहिल्या दुरुस्तीने (१७९१) राज्याला धर्म स्थापण्यास बंदी केली. जेफर्सनने १८०२ साली लिहिलेल्या पत्रात धर्मसंस्था आणि राज्य यांच्यामधील भिंतीची उपमा आली. ती भिंत राज्याला घातलेला बांध आहे. नागरिकाच्या तोंडाला बांधलेली पट्टी नव्हे.

परंतु नागरिकाचा धर्म आणि राज्याने पांघरलेला धर्म, या दोन गोष्टी एक नाहीत. साम्यवादाशी चाललेल्या शीतयुद्धात, १९५४ साली, निष्ठेच्या प्रतिज्ञेत ईश्वराचा उल्लेख आला, आणि १९५६ साली ईश्वरावरील विश्वास हे राष्ट्राचे ब्रीद झाले. त्याच वर्षांत दक्षिणेत काळ्यांची प्रतीक्षालये वेगळी होती. ब्रीदाने एकही पाटी उतरवली नाही. १९६३ च्या एप्रिलमध्ये बर्मिंगहॅमच्या आठ गोऱ्या धर्मगुरूंनी निवेदन काढून निदर्शने थांबवण्यास सांगितले आणि सुव्यवस्था राखल्याबद्दल पोलिसांची प्रशंसा केली. मार्टिन ल्यूथर किंग यांनी तुरुंगातून लिहिलेले प्रसिद्ध पत्र त्यांनाच उद्देशून होते. पुढच्याच महिन्यात त्या पोलिसांनी मुलांवर कुत्रे सोडले, आणि सप्टेंबरमध्ये एका चर्चमध्ये बाँब फुटून चार मुली मेल्या. दोन्हीकडे बायबल होते. एक पोलिसांच्या मागे उभे होते, एक पोलिसांच्या पुढे.

१ जून २०२० रोजी वॉशिंग्टनमध्ये हाच देखावा पुन्हा दिसला. व्हाइट हाऊससमोरील चौकातून निदर्शकांना अश्रुधूर आणि घोडदळाच्या बळावर हटवण्यात आले आणि थोड्याच वेळात अध्यक्ष ट्रम्प सेंट जॉन्स चर्चसमोर हातात बायबल धरून छायाचित्रासाठी उभे राहिले. (चौक कुंपण घालण्यासाठी मोकळा केला, या छायाचित्रासाठी नव्हे, असा निष्कर्ष वर्षभराने एका सरकारी तपासनिसाने काढला. तो नोंदवणे प्रामाणिकपणाचे आहे. त्याने चित्र फारसे बदलत नाही.) ते चर्च एपिस्कोपल पंथाचे. त्या पंथाच्या बिशप मेरीअन बडी यांनी त्याच संध्याकाळी जाहीर निषेध केला. पिअरसन यांच्याच पंथातील ही बाई.

यानंतर राज्याच्या हातातील धर्म मागे हटला, असे मात्र नाही. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळेच्या फुटबॉल प्रशिक्षकाला मैदानावर प्रार्थना करण्याचा हक्क मान्य केला. २०२४ मध्ये लुइझियानाने प्रत्येक सरकारी वर्गात दहा आज्ञा लावण्याचा कायदा केला. 'हत्या करू नकोस' ही त्यांतलीच एक. ती भिंतीवर टांगणारे राज्य आपल्या पोलिसाविरुद्धच्या दाव्याला कोणत्या दाराने आत घेते, हे कोणी विचारीत नाही.

मला त्या पंधरा जणांविषयी आदर वाटतो तो त्यांनी प्रार्थना केली म्हणून नव्हे. प्रार्थनेनंतर त्यांच्यातले काही वकिलाकडे गेले, म्हणून. दक्षिणेतील पुष्कळ भल्या माणसांची श्रद्धा अशी होती की, अंतःकरणे पालटली की कायदे आपोआप सौम्य होतील. यांनी अंतःकरणाची वाट पाहिली नाही. दोनशे डॉलरच्या दंडाचा आणि त्या अटकेचा हिशेब मागितला. त्यांच्याच दाव्यातून न्यायालयाने पोलिसांची ढाल घडवली, हे दुर्दैव. पण न्यायालयाने घडवलेली वस्तू विधिमंडळाला मोडता येते. कोलोरॅडोने जून २०२० मध्ये राज्याच्या न्यायालयांपुरती ती मोडली. पोलिसाने सद्भावना सोडून कृत्य केले असेल, तर निकालाच्या पाच टक्के किंवा पंचवीस हजार डॉलर, यांपैकी जी रक्कम कमी ती त्याच्या स्वतःच्या खिशातून घ्यायची, असाही नियम केला. २०२१ मध्ये न्यू मेक्सिकोने निराळ्या पद्धतीने तीच वाट धरली. दोन्ही राज्यांत पोलीस अजून कामावर जातात.

वॉशिंग्टनकडून आशा थोडी. मिनिआपोलिस आणि लुइव्हिल या शहरांच्या पोलिसांशी झालेले सुधारणेचे करार रद्द करण्याची मागणी केंद्रीय न्याय खात्याने मे २०२५ मध्ये न्यायालयात केली, फ्लॉइड यांच्या पाचव्या स्मृतिदिनाच्या चार दिवस आधी. मिनिआपोलिसपुरती ती त्याच महिन्यात मान्यही झाली. मात्र मिनेसोटा राज्याच्या मानवी हक्क खात्याने २०२३ साली त्याच शहराशी वेगळा करार केला होता. त्यावर राज्याच्या न्यायालयाची देखरेख आहे, आणि केंद्राने हात काढून घेतल्याने तो संपला नाही. काम चालू आहे ते तिथे.