लहान पाउलांच्या टेकड्या

पुणें शहराला निसर्गानें दिलेली आणि माणसानें अद्याप पुरती न घालवलेली ठेव म्हणजे त्याच्या टेकड्या. पर्वती, तळजाई, चतुःशृंगी, हनुमान टेकडी, वेताळ टेकडी हीं नांवें पुणेकरांच्या तोंडीं इतकीं रुळलीं आहेत कीं, तीं उच्चारतांना आपण रानावनाविषयीं बोलत आहों असें कोणास वाटतच नाहीं. ज्या घरांत चार-पांच वर्षांचें मूल आहे, त्या घरांत सुट्टीचा बेत ठरूं लागला म्हणजे दृष्टि एकदम सिंहगडाकडे नाहीं तर लोणावळ्याकडे धांव घेते. निघेपर्यंत ऊन चढतें, पायथ्याशीं पोंचेपर्यंत मुलाला भूक लागते, आणि आतकरवाडीहून गडाची वाट धरली कीं अर्ध्या चढावर मूल बापाच्या खांद्यावर! सिंहगडाचा चढ थोरांच्या दमाची परीक्षा पाहणारा आहे. लहानग्याला त्यांत सुख वाटावें ही अपेक्षाच अवास्तव. इकडे घरापासून पंधरा-वीस मिनिटांच्या अंतरावरची टेकडी मात्र सकाळचें कोंवळें ऊन अंगावर घेत मोकळी उभी असते.

लहान मुलाचें चालणें आणि मोठ्या माणसाचें चालणें या दोन अगदीं निरनिराळ्या क्रिया आहेत, ही गोष्ट एकदां मनांत ठसली म्हणजे निम्मी तयारी झाली. मोठा माणूस कोठें तरी पोंचण्यासाठीं चालतो. मूल मुंग्यांची रांग दिसली कीं थांबतें, वांकडी काठी मिळाली कीं ती उचलतें, आणि तीच काठी दहा पावलांवर टाकून दुसरी घेतें. या थांबण्याला बापानें ‘रेंगाळणें’ म्हणावें यासारखा अन्याय नाहीं. मुलाच्या दृष्टीनें तीच खरी सहल आहे. म्हणून मोठ्यांना जी वाट वीस मिनिटांची, ती मुलाबरोबर तासाची धरावी. जाऊन-येऊन दोन किलोमीटर हें पांच वर्षांखालच्या मुलाला पुष्कळ झालें. ‘बाबा, अजून किती?’ हा प्रश्न तिसऱ्यांदा आला म्हणजे माथा समोर दिसत असला तरी मागें फिरावें. माथा पुढच्या रविवारींही तेथेंच असतो.

सर्वांत सोपी सुरुवात पर्वतीची. तिच्या एकशेंतीन पायऱ्या रुंद व बसक्या आहेत, आणि नुकत्याच मोजायला शिकलेल्या मुलाला ती टेकडी म्हणजे उघडी अंकलिपीच. प्रत्येकाची बेरीज निराळी येते, त्यामुळें उतरतांना पुन्हां मोजाव्या लागतात, आणि उतार न कुरकुरतां संपतो. वरचें देवदेवेश्वराचें मंदिर नानासाहेब पेशव्यांनीं १७४९ सालीं बांधलें. पानिपतच्या घावानंतर १७६१ सालीं याच टेकडीवर त्यांचा अंत झाला. याच मंदिरांत प्रवेश मिळावा म्हणून अस्पृश्य लेखलेल्या समाजानें १९२९ सालीं सत्याग्रह केला. मूल थोडें मोठें झालें म्हणजे दोन्ही गोष्टी त्याच पायऱ्यांवर बसून सांगाव्या. पेशव्यांची सांगावी आणि दुसरी गाळावी असें होऊं नये. हवा स्वच्छ असेल तर वरून नैर्ऋत्येस सिंहगड दिसतो. त्याच्यावरचा दूरचित्रवाणीचा मनोरा ओळखणें हा मुलांना एक विजयच वाटतो.

पर्वतीच्या पलीकडे तळजाईचें आणि पाचगांव-पर्वतीचें रान आहे. तेथील वाटा बव्हंशीं सपाट असून सांवलीही बरी मिळते, म्हणून ज्यांच्याबरोबर आजी आहे आणि दोन वर्षांचें मूलही आहे अशा कुटुंबानें तेथेंच जावें. मोर दिसेलच असें नाहीं, पण सकाळीं लौकर गेल्यास त्याचा केकारव बहुधा कानीं पडतो.

तथापि पुण्याच्या टेकड्यांचें खरें वैभव पाहावयाचें तर वेताळ टेकडीवर गेलें पाहिजे. शहराच्या हद्दींतील ही सर्वांत उंच टेकडी. समुद्रसपाटीपासून तिची उंची सुमारें ८०० मीटर भरते. पण पुणें शहरच सुमारें ५६० मीटरांवर वसलेलें असल्यामुळें प्रत्यक्ष चढ त्या मानानें थोडा. फर्ग्युसन महाविद्यालयाच्या मागून हनुमान टेकडीवर चढावें, विधि महाविद्यालयाच्या बाजूनें यावें, अथवा पाषाण रस्त्याकडून पंचवटीच्या वाटेनें जावें; सर्व वाटा शेवटीं एकाच पठाराकडे नेतात. ज्यांचें मूल अगदींच लहान आहे त्यांनीं पौड रस्त्याकडून मोटार-संशोधन संस्थेपर्यंत जाणाऱ्या डांबरी रस्त्यानें वाहन वर न्यावें, आणि तेथून माथ्यावरच्या सपाटीनें वेताळाच्या देवळाकडे चालत निघावें. चढ चुकविला म्हणून कोणीं हिणवलें तर त्याकडे लक्ष देऊं नये.

या सपाटीवर पाहण्यासारखें काय आहे, असें विचारणारे लोक भेटतात. त्यांची दृष्टि पांच फुटांवर असते, मुलाची दोन फुटांवर. फरक पडतो तो तेथें. पायाखालचा काळा दगड सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वींच्या लाव्ह्याचा आहे. लाव्हा निवतांना त्यांतले वायूचे बुडबुडे तसेच गोठले, आणि पुढें त्या पोकळ्यांत निरनिराळीं खनिजें हळूहळू जमलीं. काळ्या कातळांत मध्येंच चमकणारा पांढरा ठिपका दिसतो तो हाच. मुलाला कोटि म्हणजे काय हें समजणार नाहीं. पण दगडालाही एके काळीं बुडबुडे येत होते, हें तें जन्मांत विसरणार नाहीं. गणिती व इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी यांनीं पुण्याच्या या टेकड्या पायाखालीं घालीत अश्मयुगांतील माणसाचीं गारगोटीचीं इवलींशीं हत्यारें वेचलीं होतीं. येथें चालणाऱ्यानें खालीं पाहून चालावें याला याहून मोठा आधार कोणता पाहिजे?

पावसाळा सरला कीं कुसळी गवत पिवळें पडतें आणि त्याचीं बियाणीं विजारींना, मोज्यांना, आजीच्या लुगड्याला सारखीं टोंचूं लागतात. त्यावर चिडण्याऐवजीं एक बीं तळहातावर घ्यावें आणि त्याच्या लांब शेपटीवर पाण्याचा थेंब सोडावा. थोड्याच वेळांत तें बीं आपोआप गरगर फिरूं लागतें. ही शेपटी वाळतांना पिळली जाते आणि भिजली कीं उलगडते. त्या फिरण्यानें बियाचें टोंक मातींत रुतत जातें. सुताराच्या गिरमिटाचें तत्त्व गवताला ठाऊक आहे, हें पाहून मुलापेक्षां बापच अधिक चकित झाल्याचें पुष्कळदां दिसतें. झाडाच्या बुंध्याशीं कोरड्या, बारीक मातींत नरसाळ्याच्या आकाराचे खळगे असतात. तळाशीं एक भुरका किडा दडलेला असतो. मुंगी घसरली कीं तो खालून माती उडवून तिला आणखी खालीं ओढतो. या खळग्यांपुढें एकादें कुटुंब अर्धा तास बसलें, तर तो अर्धा तास वायां गेला असें समजूं नये.

फेब्रुवारी-मार्चमध्यें पळस फुलतो. पान एकही नाहीं आणि झाड केशरी. त्यावर मैना, बुलबुल, शिंजीर यांची गर्दी. त्याच सुमारास गिरिपुष्पही फिकट गुलाबी फुलांनीं लहडतें आणि अनोळखी माणूस त्यालाच टेकडीचें खरें झाड समजतो. मूळचें तें मध्य अमेरिकेंतलें. उजाड टेकड्या लौकर हिरव्या दिसाव्या म्हणून तें येथें मोठ्या प्रमाणावर लावलें गेलें. हिरवें दिसणें आणि रान असणें या दोन गोष्टी एक नव्हेत. पळस, खैर, हिवर, सालई हीं या मातीचीं झाडें मुलाला नांवानें ओळखतां आलीं, तर हा भेद त्याला निराळा शिकवावा लागणार नाहीं.

कांहीं गोष्टींत मात्र सवलत नको. टेकडीवरचा दगड उलथूं नये. फुरसें हा विषारी साप आणि विंचू यांचीं तीं घरें आहेत. पाय झांकणारे बूट व लांब विजार आवश्यक. वर पिण्याचें पाणी मिळेल या भरंवशावर जाऊं नये. मुलामागें किमान अर्धा लिटर पाणी आणि एकादी काकडी घरूनच न्यावी. वेताळ टेकडीवर दगडाची एक जुनी खाण आहे, तींत पावसाचें पाणी सांठतें. पक्षी पाहण्यास ती जागा उत्तम, पण कडा उभ्या आणि पाणी खोल. तेथें मुलाचा हात क्षणभरही सोडूं नये आणि कोणींही पोहण्याच्या मोहांत पडूं नये. उन्हाळ्यांत नऊच्या आंत खालीं यावें. आणि भ्रमणध्वनीवर गाणीं लावून चालणाऱ्या मंडळींपासून थोडें दूर राहावें, कारण त्यांच्याभोंवतीं पांखरूं फिरकत नाहीं.

या टेकड्या अशाच राहतील असें कोणास वाटत असेल तर त्यानें उन्हाळ्यांत एकदां वर जाऊन पाहावें. वाळलेल्या गवताला कोणाच्या तरी विडीनें वा खोडीनें आग लागते आणि उतारच्या उतार काळे पडतात. जमिनीवरच अंडीं घालणाऱ्या टिटवीचें त्यांत काय होत असेल, हें सांगावयास नको. याहून मोठें संकट खालून येतें. वेताळ टेकडीच्या उतारावरून रस्ता आणि तिच्या पोटांतून बोगदे काढण्याच्या योजना महानगरपालिकेनें मांडल्या. नागरिकांनीं त्यांना हरकत घेतली, प्रकरण न्यायालयांत गेलें, आणि एप्रिल २०२३ मध्यें पुणेकर मोठ्या संख्येनें टेकडीसाठीं मोर्चा घेऊन निघाले. पौड रस्त्यावरच्या वाहनांच्या गर्दींत रोज अडकणाऱ्या माणसाची अडचण खोटी नाहीं, आणि तिची थट्टा करून टेकडी वांचणार नाहीं. परंतु रस्ता दुसरीकडून नेतां येतो, अथवा बसगाड्या वाढवितां येतात. साडेसहा कोटि वर्षांचा दगड एकदां फोडला कीं परत बसवितां येत नाहीं. त्या मोर्च्यांत कांहीं मुलेंही होतीं. ज्या टेकडीवर आपण कुसळें भिजवून फिरविलीं ती जाणार म्हणजे नक्की काय जाणार, हें त्यांना नकाशावाचून कळत होतें.

ऋतूंपैकीं नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने नवशिक्या कुटुंबाला उत्तम. भर पावसांत कातळ शेवाळानें निसरडे होतात. तेव्हां लहान मुलांना उतारावर नेऊं नये. ऑगस्ट-सप्टेंबरमध्यें उघडीप पडली म्हणजे मात्र गवतांत तेरडा आणि निळी आभाळी फुललेली पाहण्यासाठीं एक फेरी अवश्य करावी. फुलें तोडूं नयेत. वाटलें तर घरीं येऊन मुलानें त्यांचीं चित्रें काढावीं, आणि तीं फुलांसारखीं दिसत नाहींत असें कोणीं म्हणूं नये.

आणखी एक सहल वर्षांतून एकदांच साधते. जूनमध्यें पहिले दोन-तीन पाऊस पडून गेले कीं सकाळीं ओल्या मातींत मृगाचा किडा निघतो, मखमलीसारखा लालभडक. त्याला किडा म्हणतात खरें, पण पाय मोजले तर ते आठ भरतात. कोळी आणि विंचू यांच्या गोतांतला तो आहे. बोट लागलें कीं तो पाय पोटाशीं घेऊन निपचित पडतो. अशा वेळीं त्याला डबींत भरूं नये. तेथेंच मातीवर राहूं द्यावा, सर्वांनीं भोंवतीं उकिडवें बसावें आणि तो पुन्हां चालूं लागेपर्यंत मुळींच बोलूं नये.