स्कूबाचं कार्ड कुठलं घ्यावं?

(मंडळाच्या व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



गणपती उरकले, पाऊस ओसरला की मालवणचा हंगाम सुरू होतो आणि बेळगावातून गाड्या आंबोलीच्या रस्त्याला लागतात. पोरं ‘स्कूबा करून आलो’ म्हणून फोटो दाखवतात. मग पुढची मागणी येते: बाबा, मला कोर्स करायचाय. आम्ही ऑफिसातल्या चौघांनी तो केला आहे, म्हणून आज बोलतोय.

पहिली गोष्ट, फोटोतला स्कूबा म्हणजे कोर्स नव्हे. तिथं शिक्षक मागून सिलिंडर धरून आपल्याला फिरवतो. मौज म्हणून उत्तम, आमची ना नाही. पण तो दहा वेळा केला तरी आपण डायव्हर होत नाही.

खरा पहिला कोर्स ‘ओपन वॉटर डायव्हर’. आधी थिअरी, मग तलावात सराव, मग समुद्रात चार डायव्ह. साधारण तीन-चार दिवस. त्यानंतर जोडीदाराबरोबर 18 मीटरपर्यंत उतरता येतं. वयाची अट 10 वर्षं; मात्र 10-11 वर्षांच्या मुलांना 12 मीटरचीच मर्यादा, तीही मोठ्यांच्या सोबतीनं. पॅडीच्या कोर्सात 200 मीटर पोहून दाखवावं लागतं आणि 10 मिनिटं तरंगावं लागतं. वेळेचं बंधन नाही. विहिरीत शिकलेल्यांनी घाबरू नये. ‘स्कूबा डायव्हर’ नावाचा एक अर्धा कोर्सही असतो. त्यात 12 मीटर, आणि कायम व्यावसायिक सोबत हवा. सुट्टी फारच कमी असेल तरच तो घ्यावा.

पॅडी, एसएसआय, नौई, सीमास यांतलं कुठलं कार्ड चांगलं, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. एकाचं कार्ड दुसरीकडे सहसा चालतं. विचारायचं ते शिक्षकाबद्दल. एका शिक्षकामागे समुद्रात किती शिष्य? पॅडीची कमाल मर्यादा आठ आहे. आम्हाला विचाराल तर चार पुरेत. तलावातला सराव खरंच होणार का? कोणी ‘दोन दिवसांत कार्ड देतो’ म्हणाला, तर तिथून उठावं.

तलावाचा आग्रह का, तेही सांगतो. आमचं आयुष्य पाणीपुरवठ्याच्या पाइपलाइनवर गेलं. 10 मीटर हेड म्हणजे एक किलो प्रेशर, हे आम्हाला झोपेतही ठाऊक. 10 मीटरवर दाब दुप्पट होतो. तिथं पूर्ण श्वास घेऊन तो रोखून वर आलं, तर छातीतली हवा दुप्पट जागा मागते आणि फुप्फुस फाटू शकतं. म्हणून पहिला नियम, श्वास कधीही रोखायचा नाही. पण मास्कमध्ये पाणी शिरलं की माणूस पहिल्यांदा तेच करतो. मास्कमधलं पाणी काढणं, तोंडातून निसटलेला रेग्युलेटर शोधणं, जोडीदाराच्या टाकीतून हवा घेणं, हे सगळं कमी पाण्यात हाताला बसेपर्यंत करायचं असतं. समुद्रात धांदल उडाली की पुस्तक आठवत नाही.

‘ॲडव्हान्स्ड’ हे नाव फसवं आहे. पाच डायव्ह आणि 30 मीटरची मुभा, एवढंच. पॅकेजमध्ये दोन्ही एकदम देतात. आमच्या मते आधी मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणीला वगैरे पंधरा-वीस डायव्ह करावेत, मग बघावं. आणि ज्यांना नोकरी म्हणून पाण्याखाली जायचंय, पुलाचे खांब, धरणाची दारं, जहाजं, त्यांचं व्यावसायिक प्रशिक्षण वेगळंच असतं. तिथं हे कार्ड उपयोगी पडत नाही.

आता खास बेळगावकरांसाठी. खोल पाण्यात अंगात नायट्रोजन मुरतो. दाब झपकन कमी झाला की गोटी सोड्यासारखे बुडबुडे येतात. म्हणून एका डायव्हनंतर 12 तास आणि अनेक झाल्यास 18 तास विमानात बसू नये, असा दंडक आहे. तो केबिनमधल्या 2000 फुटांच्या हवेपासून लागू होतो. आंबोली त्याच्या वर, आपलं बेळगाव तर अडीच हजारांच्या आसपास. म्हणजे सकाळी डायव्ह करून संध्याकाळी घाट चढणं नको. मुक्काम मालवणलाच ठेवा, मासे जेवा, दुसऱ्या दिवशी निघा.

दिवाळीनंतरच्या सुट्टीत जायचं असेल तर वैद्यकीय प्रश्नपत्रिका आत्ताच मागवा. दमा, कानाचं दुखणं, हृदयविकार, फुप्फुसाचं जुनं ऑपरेशन यांतलं काहीही असेल, तर डॉक्टरांची सही लागते, आणि ती आयत्या वेळी मालवणात मिळणं कठीण. आमच्याकडे नमुना प्रत आहे. कार्यक्रम संपल्यावर भेटा.