तिला आत आणायचं कोणी?



आज मी तुमच्याशी कबड्डीबद्दल बोलणार आहे. आपल्या आज्या तिला हुतुतू म्हणायच्या. थंडी पडली की आपल्याकडे गावोगावी मैदानात दिवे लागतात, मंडळांचे सामने होतात, आणि आपण बायका कडेला उभ्या राहून बघतो. घरी परतताना उद्याच्या डब्याचा विचार चालू असतो. तेव्हा बायकांच्या कार्यक्रमात कबड्डी कशाला, असं कोणाला वाटलं तर नवल नाही. जरा ऐका, मग सांगा.

मी कॉलेजात असताना तीन वर्षं कबड्डी खेळले, १९९८ ते २००१. वसईतलं कॉलेज, आणि तेव्हा आपण ठाणे जिल्ह्यात होतो. पालघर जिल्हा २०१४ साली झाला. मी डाव्या कोपऱ्यावर उभी राहायचे. मी काही मोठी खेळाडू नव्हते. पण आमच्या संघात एक मुलगी होती, तिच्यासारखी चढाई करणारी मी नंतर क्वचितच पाहिली. तिला रेडिओवर नाव नको आहे, म्हणून मी तिला मैत्रीणच म्हणते.

मैत्रीण बागायतदाराच्या घरची. मोगऱ्याच्या हंगामात पहाटे उठून कळ्या खुडायच्या, टोपली भरून आईच्या डोक्यावर द्यायची, आई ती घेऊन दादरच्या फूलबाजारात जायची. मग घरचं आवरून ही कॉलेजात. सरावाला यायची ती हाताला फुलांचा वास घेऊनच. अंगाने बारीक, उंची बेताची. पहिल्या दिवशी आम्हाला वाटलं, हिला एका झटक्यात खाली बसवू. त्या दिवशी तिने आम्हा सहाजणींना एकेक करून शिवलं आणि मध्यरेषेवर जाऊन उभी राहिली. दम लागलेला आम्हाला, तिला नाही.

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. बायकांचं कबड्डीचं मैदान १२ मीटर लांब आणि ८ मीटर रुंद असतं. मधोमध एक रेषा. दोन्हीकडे सात-सात जणी. एकीने कबड्डी-कबड्डी म्हणत समोरच्यांच्या अंगणात शिरायचं, कोणाला तरी शिवायचं आणि दम न तोडता परत यायचं. ही चढाई. समोरच्यांनी तिला धरून ठेवायचं, ही पकड. शिवली ती बाद, धरली गेली ती बाद. मध्यरेषेपासून ३ मीटरवर निदान रेषा असते आणि तिच्यापुढे १ मीटरवर बोनस रेषा. समोर सहा किंवा सात जणी उभ्या असताना बोनस रेषेपलीकडे एक पाय टेकला आणि दुसरा हवेत असला की कोणाला न शिवताही एक गुण मिळतो.

मैत्रिणीचं कसब पायात होतं असं सगळे म्हणायचे. मी तिच्या बाजूला तीन वर्षं उभी होते, म्हणून सांगते, ते डोळ्यात होतं. चढाईला गेली की ती कोणाच्या तोंडाकडे बघायची नाही. बघायची टाचांकडे. मला एकदा म्हणाली, "अगं, जी झेपावणार असते ना, तिची मागची टाच आधी उचलते. तोंड खोटं बोलेल, टाच नाही बोलणार." मग मी बघायला लागले, आणि खरंच तसं होतं.

चढाईवाली गुण आणते आणि टाळ्या घेते. आमची मैत्रीण परत आली की आधी आम्हाला खबर द्यायची. "त्यांची उजव्या कोपऱ्यावरची दमलीय, आता ती घाई करेल." "मधली मुलगी गुडघा जपतेय, ती खाली वाकणार नाही." दुसरी कोणी चढाईला निघाली की तिच्या कानात एक वाक्य. आम्ही पकडीला उभ्या असलो की मागून हळूच आवाज, "थांब, थांब, अजून नाही... आता." मी डाव्या कोपऱ्यावर जेवढ्या पकडी केल्या, त्यातल्या निम्म्या तिच्या 'आता'वर केल्या. तिच्यामुळे आम्ही साध्या मुली बऱ्या खेळाडू झालो.

आता या खेळाचा एक नियम सांगते. तो मला सगळ्यात आवडतो, आणि त्याच्यासाठीच आजचं हे बोलणं आहे. बाद झालेली खेळाडू कायमची बाद नसते. ती कडेला जाऊन बसते. तिच्या संघाने समोरच्या एकीला बाद केलं, की इकडची एक जण आत येते. तेही ओळीने, जी आधी बाद झाली ती आधी आत. बाहेर बसलेली कितीही गुणी असो, ती स्वतःच्या ताकदीवर आत येऊ शकत नाही. तिला मैदानावर उरलेल्यांनीच आणायचं असतं. आणि बोनसचा गुण असतो ना, त्याने गुण वाढतो, पण बाहेरची कोणी आत येत नाही.

दुसऱ्या वर्षी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत एक सामना होता. मातीचं मैदान, आतासारखी मॅट नव्हती. शेवटची आठ मिनिटं राहिली आणि मैत्रीण पकडली गेली. तिच्याआधी दोघी बाद होऊन बसलेल्या. म्हणजे ती ओळीत तिसरी. मैदानावर आम्ही चौघी, आणि चौघींचे चेहरे पडलेले. आमच्यातली एक चढाईला गेली आणि बोनस घेऊन आली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी कडेला बघितलं, तर तिघी तशाच बसलेल्या.

मग त्यांची चढाईवाली माझ्याच कोपऱ्याकडे आली. हात नाचवत होती. मागून आवाज येणार नव्हता. बाहेर बसलेलीने बोलायचं नसतं. मी हात बघितलेच नाहीत, पाय बघितला. तो पुढे पडला आणि मी घोटा धरला. मधल्या मुलीने कंबर धरली. एक आत आली. पुढच्या चढाईत आमच्या दुसऱ्या मुलीने एकीला शिवलं, दुसरी आत आली. मग तिसरी पकड आम्ही तिघींनी मिळून केली, साखळी करून, आणि मैत्रीण उठून, पाठीची माती झटकत आत आली. तिने शेवटच्या तीन मिनिटांत दोन गुण आणले. तरी सामना आम्ही एका गुणाने हरलो. पण परतीच्या गाडीत कोणी रडत नव्हतं. मैत्रीण बोटांवर मोजत होती, कोणी कुठली पकड केली ते. स्वतःचे दोन गुण तिने मोजलेच नाहीत.

तिसऱ्या वर्षी तिला निवड चाचणीचं बोलावणं आलं. ठाण्याला जायचं होतं, दोन दिवस, एक रात्र मुक्काम. त्याच आठवड्यात फुलांचा भर होता. तिची आई वाईट नव्हती हो. तिने हिशेब मांडला. दोन पहाटा कळ्या कोण खुडणार? दादर गाठणारी गाडी चुकली तर माल कोणाला विकणार? शिवाय तिचं लग्न ठरत होतं, आणि मुलगी रात्री बाहेर राहिली हे समोरच्यांना कसं सांगायचं? या तीन प्रश्नांपैकी एकाचंही उत्तर कोणाकडे नव्हतं. मैत्रीण चाचणीला गेली नाही. उन्हाळ्यात लग्न झालं. त्यानंतर ती मैदानावर दिसली नाही. तिच्या गुणांची पत्रं, दोन ढाली, एक पदक पत्र्याच्या पेटीत गेलं. सासरी सत्कारही झाला होता तिचा एकदा, शाल-नारळ देऊन. मी म्हणते, तो बोनस. गुण वाढला, पण ती कडेलाच राहिली.

कोणी म्हणेल, बायकांच्या कबड्डीत तसंही काय होतं पुढे? तर ऐका. २०१२ साली पाटण्याला बायकांचा पहिला विश्वचषक झाला. अंतिम सामन्यात भारताने इराणला हरवलं. त्या संघात आपल्या महाराष्ट्राच्या तीन मुली होत्या, सुवर्णा बारटक्के, दीपिका जोसेफ आणि अभिलाषा म्हात्रे. राज्य सरकारने तिघींना प्रत्येकी एक कोटी रुपयांचं बक्षीस दिलं. आशियाई खेळांत बायकांची कबड्डी २०१० साली आली, आणि पहिलं सुवर्ण आपलंच. अभिलाषाताईंना पुढे अर्जुन पुरस्कार मिळाला. या सगळ्या आकाशातून पडल्या नाहीत. कोणीतरी त्यांना सरावाला सोडलं, कोणीतरी त्यांचा डबा भरला.

२०२३ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात चीनमध्ये आशियाई खेळ झाले. बायकांचा अंतिम सामना मी मैत्रिणीच्या घरी बसून मोबाइलवर बघितला. भारत विरुद्ध चायनीज तैपेई, आपण २६-२५ असे एका गुणाने जिंकलो. ते त्या खेळांतलं भारताचं शंभरावं पदक. मी आरडाओरडा करत होते. मैत्रीण पोळ्या लाटत होती, लाटणं हातात तसंच धरून ती पडद्याकडे बघत होती. मध्येच म्हणाली, "ती कोपऱ्यावरची येणार बघ, टाच उचललीय." आणि ती मुलगी आली. बावीस वर्षं झाली होती मैत्रीण मैदानावर पाऊल ठेवून. डोळा तस्साच.

त्या दिवशी मी हा विषय आमच्या बचत गटात काढला. म्हटलं, आपल्या शाळेच्या मैदानात पोरी नुसत्या धावतात, त्यांना शिकवणारी बाई आपल्याच गावात आहे. सगळ्या म्हणाल्या, छान, तिला बोलावू. मी विचारलं, बोलावू खरं, पण साडेपाच ते सात तिच्या घरची चूल कोण बघणार? तिच्या सासूबाईंना संध्याकाळचं औषध कोण देणार? आधी सगळ्या गप्प झाल्या. मग एक म्हणाली, मंगळवारची भाजी मी देते. दुसरी म्हणाली, शुक्रवारी मी सासूबाईंकडे बसते, नाहीतरी मला त्यांच्याशी गप्पा मारायच्याच असतात. बस, एवढंच झालं. गेलं वर्षभर मैत्रीण आठवड्यातून दोन दिवस चौदा मुलींना शिकवतेय. सासूबाईच आता विचारतात, आज मंगळवार ना, निघाली नाहीस अजून?

तुमच्या गावात करायचं असेल तर फार काही लागत नाही. १२ बाय ८ मीटर जागा, फक्कीने आखलेल्या रेषा. खडे वेचून काढा, मातीवर आदल्या दिवशी पाणी मारा. मुलींची नखं कापलेली हवीत, हातात बांगड्या नकोत, अंगाला तेल नको. पाण्याची कळशी आणि मूठभर शेंगदाणे-गूळ ठेवा. गुडघा किंवा घोटा सुजला तर चोळायला देऊ नका. बर्फ लावा आणि डॉक्टरांना दाखवा. पाळीच्या दिवसांत खेळायचं की नाही हे त्या मुलीला ठरवू द्या. आणि स्पर्धांची प्रमाणपत्रं पेटीच्या तळाशी टाकू नका, जपून फाइलला लावा. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के जागा राखीव आहेत. ठरावीक दर्जाच्या स्पर्धेतलं यश लागतं, पण तिथे पोचायची सुरुवात याच फक्कीच्या रेषांवरून होते.

आपण म्हणतो, तिच्यात गुण होता पण नशीब नव्हतं. मी नशीब कधी मैदानावर बघितलं नाही. मी एवढंच बघितलं की बाहेर बसलेली आत येते ती आतल्यांनी केलेल्या पकडीमुळे. घरातही पकड म्हणजे दुसरं काय? एका वेळची भाजी, एका पहाटेच्या कळ्या, एक तास म्हाताऱ्या माणसाजवळ बसणं.

तर या महिन्याच्या बैठकीत हप्ते जमा झाले, सह्या झाल्या की एक प्रश्न विचारा. आपल्यात पूर्वी कोण खेळायचं, गायचं, शिवायचं, शिकवायचं, आणि आता कडेला बसलंय? नाव आलं की लगेच टाळ्या वाजवू नका. आधी विचारा, तिचे दोन तास कोण उचलणार? आणि वहीत लिहून घ्या, वारासकट.