काळी टाकी, करडी टाकी

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आयोजकांनी मला फोनवर सांगितलं होतं, "तू अमेरिकेत असतेस, सॉफ्टवेअरमध्ये आहेस, तर कृत्रिम बुद्धिमत्तेवर दहा मिनिटं बोल." मी हो म्हटलं होतं. भाषण लिहूनही झालं होतं. पण काल दुपारी मी एकटीच शाळेत जाऊन आले आणि रात्री विषय बदलला. मी आज संडासाच्या टाकीवर बोलणार आहे. जेवणाच्या आधी हा विषय ऐकावा लागतोय त्याबद्दल माफी मागते, पण माझा नंबर जेवणाआधी लावला तो आयोजकांनी.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात आई-बाबा भंडाऱ्याहून आमच्याकडे सिएटलला आले होते. आम्ही दोघं, दोन मुलं आणि ते दोघं, असे सहा जण येलोस्टोन बघायला निघालो. अंतर साधारण बाराशे किलोमीटर. आईला बाहेरचं जेवण चालत नाही आणि बाबांचे गुडघे दुखतात, म्हणून आम्ही मोटारहोम भाड्याने घेतलं. तिकडे त्याला आरव्ही म्हणतात. म्हणजे ट्रॅव्हल्सची छोटी बस समजा, फक्त आत ओटा, पलंग, फ्रीज आणि संडास-बाथरूम. चालतंफिरतं घरच.

या घराला तीन टाक्या असतात. एक स्वच्छ पाण्याची. दुसरी करडी, तिच्यात मोरीचं आणि अंघोळीचं पाणी जमतं. तिसरी काळी, ती संडासाची. आमच्या गाडीची काळी टाकी तीस गॅलनची होती, म्हणजे जेमतेम ११५ लिटर. आपल्या छतावरच्या सिंटेक्सच्या टाकीचा आठवा-नववा हिस्सा. गाडी देणाऱ्या मुलाने पंधरा मिनिटांत सगळं दाखवलं. हा पाइप, ही झडप, हे हातमोजे, आणि टाकी भरली की अमुक ठिकाणी जाऊन तुमची तुम्हीच रिकामी करायची. बाबा बाजूला उभे राहून ऐकत होते. तो मुलगा गेल्यावर म्हणाले, "काहून वं बाई, इंजिनिअर झाली, अमेरिकेत आली, आणि आता संडासाची टाकी उपसून राहिली?"

बाबा पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाले आहेत हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे. तरी मी त्यांना काही विचारलं नाही. मला वाटलं, यात विचारण्यासारखं काय आहे? पहिल्या मुक्कामी गाडी उभी करण्याच्या जागीच सांडपाण्याचं तोंड होतं. मी पाइप जोडला आणि काळ्या टाकीची झडप उघडी ठेवून दिली. टाकीत साठवायचंच कशाला, जसं येईल तसं वाहून जाऊ दे, असा माझा विचार होता. दोन रात्री आम्ही तिथे राहिलो.

तिसऱ्या दिवशी गाडीतल्या फलकावर दिवा लागला. टाकी भरली म्हणे. झडप तर उघडीच होती! मी ती बंद केली, पुन्हा उघडली, पाइप हलवून बघितला. काहीच बाहेर येईना. आधी मला वाटलं सेन्सर खोटं बोलतोय. या टाक्यांचे सेन्सर बोलतातही खोटं, कारण आतल्या भिंतीला काही चिकटलं की टाकी रिकामी असली तरी ते भरलेली दाखवतात. पण या वेळी सेन्सर खरं सांगत होता. शेवटी बाबांना विचारलं. ते खुर्चीतून उठलेही नाहीत. म्हणाले, "घाण काय आपल्या पायानं चालत जाते काय? तिले पाणी नेते. तू पाणी आधीच सोडून दिलं. आता तिले नेईल कोण?"

झालं होतं तसंच. झडप उघडी असल्याने पातळ ते निघून गेलं आणि घट्ट ते खाली साचून वाळत गेलं. मग आम्ही झडप बंद केली, संडासातून बादलीवर बादली पाणी ओतलं, टाकी अर्ध्याहून जास्त भरली आणि तशीच गाडी दिवसभर डोंगरातल्या वळणांवरून चालवली, म्हणजे आत घुसळण होईल. दुसऱ्या दिवशी सकाळी रिकामी करायच्या जागी गेलो, झडप उघडली आणि सगळं एका दमात गेलं. घरातल्या सहाही जणांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या कुठल्याही सॉफ्टवेअरला अशा टाळ्या पडलेल्या नाहीत.

त्यानंतरचा नियम पाठ झाला. काळ्या टाकीची झडप नेहमी बंद ठेवायची. टाकी निम्म्याहून जास्त भरू द्यायची. आधी काळी रिकामी करायची, मग करडी, म्हणजे करड्या टाकीचं साबणाचं पाणी तोच पाइप धुऊन काढतं. आणि शेवटी काळ्या टाकीत दोन-चार तांबे स्वच्छ पाणी टाकून ठेवायचं, कारण कोरड्या तळावर पडलेलं चिकटून बसतं.

करड्या टाकीने वेगळाच धडा दिला. चौथ्या दिवशी गाडीत असा वास सुटला की सगळ्यांनी काळ्या टाकीला दोष दिला. वास निघाला करड्या टाकीतून. आई सहा जणांचा स्वयंपाक करत होती. तांदळाचं धुवण, वरणाचा तळ, फोडणीचं तेल, चहाचा चोथा, सगळं मोरीतून टाकीत जाऊन सडत होतं. हे सांगितलं तर आई रागावली, "माह्या सैपाकाचा वास?" पण तोडगाही तिनेच काढला. मोरीवर गाळणी ठेवली, ताटं आधी कागदाने पुसायला लावली आणि खरकटं वेगळ्या डब्यात. म्हणाली, "घरी आपण खरकटं म्हशीले ठेवतच होतो ना? इथं येऊन विसरली काय?" वास दोन दिवसांत गेला.

आता मूळ गोष्ट सांगते. पहिल्यांदा तो पाइप हातात धरला तेव्हा मी दोन जोड्या हातमोजे घातले होते, तोंडाला मास्क होता आणि तरीही मला मळमळलं. आपल्या सहा माणसांचंच होतं ते, परक्याचं नव्हे. तेव्हा मला आजीच्या घराची मागची गल्ली आठवली. भंडाऱ्याच्या जुन्या वस्तीत ज्यांची घरं होती त्यांना आठवत असेल. संडासाला मागच्या बाजूने पत्र्याचं एक छोटं दार असायचं. सकाळी एक बाई यायची, ते दार उघडायची, टोपली ओढायची, रिकामी करायची. हातमोजे नाहीत, काही नाही. आजी तिला वरून पाणी ओतायची, अंतर राखून. मी पाच-सहा वर्षांची असेन. नाकाला फ्रॉक लावून मी पळायची.

त्या रात्री मी बाबांना विचारलं, "त्या बाईचं नाव काय होतं?" बाबा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "कोणी विचारलंच नाही, बाई." आजीकडे तिने पंधरा-वीस वर्षं काम केलं होतं.

असे कोरडे संडास बांधायला आणि माणसांकडून ते साफ करून घ्यायला बंदी घालणारा कायदा १९९३ साली झाला. त्याच्या दोन-तीन वर्षं आधी बाबांनी घरामागे सेप्टिक टँक बांधून घेतला होता. टोपली गेली, टाकी आली. आपल्याला वाटलं, प्रश्न सुटला. आता मी इथे एक प्रश्न विचारते. तुमच्या घरचा सेप्टिक टँक शेवटचा कधी उपसला, हे ज्यांना नक्की माहीत आहे त्यांनी हात वर करा. ... सात. दीडशेमध्ये सात. माझाही हात त्यात नाही, कारण भंडाऱ्याच्या आमच्या घरचा मलाही माहीत नव्हता. परवा विचारला. बारा वर्षं झाली.

सेप्टिक टँकमधला गाळ दोन-तीन वर्षांनी काढावा लागतो. नाही काढला तर टाकीत पाण्याला थांबायला जागा उरत नाही आणि घाण तशीच नालीत जाते. आणि तो काढायचा मशीनने, व्हॅक्यूमच्या टँकरने. माणूस आत उतरवायचा नाही. बंद टाकीत हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन साचतो, एखाद-दुसऱ्या श्वासात माणूस कोसळतो, आणि त्याला काढायला गेलेला दुसराही कोसळतो. २०१३ च्या कायद्याने सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवणं हा गुन्हा आहे. अशा मृत्यूंसाठीची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली दहा लाखांवरून तीस लाख केली. भरपाई वाढवावी लागली, याचा अर्थ माणसं अजून मरत आहेत. तेव्हा कोणी स्वस्तात उतरायला तयार झाला तरी तुम्ही नाही म्हणा.

आणि घाण कुठे जाते, हेही आपल्याला भंडारेकर म्हणून ठाऊक असायला हवं. वरठीच्या स्टेशनवरचे दिवस आठवा. गाडी उभी असताना संडास वापरू नये, अशी पाटी असायची, कारण सगळं थेट रुळांवर पडायचं. आता डब्यांखाली जैव-टाक्या आहेत, डीआरडीओ आणि रेल्वेने मिळून केलेल्या. त्यात जिवाणू मैला कुजवतात. रुळांचा प्रश्न सुटला. नदीचा सुटलेला नाही. नागपूरचं सांडपाणी नाग नदीत, नाग नदी कन्हानमध्ये, कन्हान आपल्या वैनगंगेत. आणि गोसीखुर्दचं धरण भरलं की ते पाणी मागे फुगत आपल्या दारापर्यंत येतं. आपण नागपूरला नावं ठेवतो, ठेवायलाच हवीत. पण आपल्या नालीचं पाणी ज्या खालच्या गावांना जातं, तेही आपल्याला नावं ठेवत असतील.

आता कालची गोष्ट. मी शाळेत गेले. इमारत छान रंगवली आहे. मुलींच्या स्वच्छतागृहाला नव्या टाइल्स आहेत, नळ आहेत, आणि बाहेर कुलूप आहे. चावी मागितली तर सध्याच्या मुख्याध्यापिका संकोचून म्हणाल्या, मोटार जळली, वर पाणी चढत नाही, म्हणून बंद ठेवावं लागतं. मी त्यांना दोष देत नाही. पण मला बाबांचं वाक्य आठवलं. घाणीला पाणी नेतं. टाइल्स नेत नाहीत.

माझ्या मैत्रिणींनो, आपण कधी बोललो नाही, आज बोलू या. आपल्या वेळी मुलींसाठी दोन संडास होते आणि एक पत्र्याचा पिंप, जो डिसेंबरनंतर रिकामाच असायचा. आपण सकाळी साडेदहापासून पाच वाजेपर्यंत पाणी पीत नव्हतो. पाळीच्या दिवसांत चार-चार दिवस शाळा बुडायची आणि सर विचारायचे, "पुन्हा ताप आला का?" आपण हो म्हणायचो. मुलांना हे माहीत नव्हतं, यात मुलांची चूक नाही. आपण सांगितलंच नाही.

एका व्यक्तीला मात्र सगळं माहीत होतं. आपल्या विज्ञानाच्या बाई शाळेसमोरच राहायच्या. मधल्या सुट्टीत त्यांच्या घराचं मागचं दार उघडं असायचं आणि न्हाणीघरात बादली भरलेली असायची. त्यांनी आम्हाला कधी "या" म्हटलं नाही, कधी विचारलं नाही. फक्त दार उघडं ठेवलं आणि पाणी भरून ठेवलं. बाई, तुम्ही समोर बसला आहात. मी दहावीला विज्ञानात किती गुण मिळवले ते विसरले. ती बादली विसरले नाही.

आपल्या तुकडीने शाळेसाठी निधी जमवला आहे आणि त्यातून प्रवेशद्वारावर कमान बांधायची, असं ठरलं आहे. कमानीचं चित्र ग्रुपवर आलं तेव्हा मीही अंगठा दाखवला होता. आज तो अंगठा मागे घेते. माझी विनंती आहे की कमान पुढच्या वर्षी बांधू. या वर्षी नवी मोटार, वर दोन हजार लिटरची टाकी, प्रत्येक संडासात चालणारा नळ, पॅड टाकायला झाकणाचा डबा, आणि सेप्टिक टँक दर तीन वर्षांनी मशीनने उपसायची सोय एवढं करू. सफाई करणाऱ्या व्यक्तीला पूर्ण पगार, बूट आणि हातमोजे देऊ. आणि तिचं नाव शाळेच्या फलकावर इतर कर्मचाऱ्यांच्या नावांबरोबर लिहू. वर्षभराने मोटार पुन्हा जळली तर ती कोण दुरुस्त करणार, हेही आजच ठरवू. एकदा बांधून फोटो काढणं सोपं असतं, पुढची देखरेख अवघड. पहिली तीन वर्षं ती जबाबदारी मी घेते. मुख्याध्यापिकांनी दर महिन्याला मला एवढाच निरोप पाठवायचा: पाणी आहे, किंवा पाणी नाही.

कमानीवर आपल्या तुकडीचं नाव कोरलं गेलं असतं, हे मला माहीत आहे. संडासावर नाव कोणी कोरत नाही. तरीही विचार करा. ज्यांना पटत नसेल त्यांनी जेवताना माझ्याशी भांडावं, मी रविवारपर्यंत भंडाऱ्यातच आहे. ज्यांना पटत असेल त्यांच्यासाठी दाराशी वही ठेवली आहे, तिच्यात नाव लिहा. पहिलं नाव बाबांनी लिहिलं आहे, दुसरं माझं आहे.