रानातली पानगळ



इंग्रजी कवितेतला पानगळीचा ऋतू मराठीत आणताना आपण त्याला सहसा ‘शरद’ म्हणतो. पण आपल्या शरदात, म्हणजे आश्विन-कार्तिकात, रानात जाऊन पाहा. पाऊस नुकताच सरलेला असतो आणि झाडोरा हिरवागार. सागाच्या रानात खरी पानगळ दिसते ती पुढे, पौष-माघात, शिशिराच्या सुमारास.

असे का व्हावे? विलायतेतली झाडे पाने टाकतात ती दिवस लहान होऊन थंडी वाढू लागते म्हणून. आपली टाकतात ती पाण्याच्या ओढीने. पानांवरच्या बारीक छिद्रांतून पाणी सारखे उडून जात असते. मेळघाटातला साग घ्या. त्याचे पान चांगले हातभर लांब. जमिनीतली ओल आटू लागली की अशी पाने पोसणे झाडाला परवडत नाही. मग ते पानातले नत्र, स्फुरद शक्य तेवढे खोडाफांद्यांत ओढून घेते. हिरवा रंग उतरतो. देठाच्या बुडाशी एक नाजूक थर तयार होतो आणि वाऱ्याच्या झुळकीसरशी पान सुटते. ओढ्याकाठच्या जांभळाला मात्र ओल पुरते, म्हणून ते हिरवेच राहते. तेव्हा पानगळ हे झाडाचे मरण नव्हे, ती काटकसर आहे.

आता खाली पडलेल्या पानांचे काय? वाळवी, बुरशी आणि मातीतले असंख्य जीव त्यांचे खत करतात. तोवर तो पाचोळा जमिनीवर पांघरूण घालून असतो. मृगाच्या सरी थेट मातीवर आदळत नाहीत. पाणी मुरते, ओढा पुढे अधिक दिवस वाहतो.

आणि आपण काय करतो? चैत्राच्या आसपास मोहाची फुले गळतात. ती पाचोळ्यात सापडत नाहीत, म्हणून झाडाखाली काडी लावतो. अडचण खरी आहे, पण ती आग झाडाखालीच थांबेल याची हमी कोण देणार? वारा सुटला की वणवा डोंगर चढतो. कोवळी रोपे, घरटी, सारे जळते. त्यापेक्षा पाचोळा खराट्याने बाजूला सारावा, किंवा जुनी लुगडी जोडून खाली अंथरावीत. फुलेही स्वच्छ मिळतात.

गुरुजींना एक सुचवतो. उताराच्या जागी दोन वाफे घ्या, एक उघडा, एक पाचोळ्याने झाकलेला. दोन्हींवर झारीने सारखेच पाणी घाला आणि वाहून आलेले पाणी दोन भांड्यांत धरा. कोणते गढूळ, ते मुलेच सांगतील. मग हेही विचारा, की ती माती पुन्हा डोंगरावर कोण नेऊन टाकणार?