श्रद्धा, परंपरा आणि श्रमजीवी जनता : इटलीचा धडा

(पक्षाच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाची संहिता)

पाश्चात्त्य समाज धर्मनिरपेक्ष झाला, चर्चमधील बाके रिकामी पडली, म्हणून धर्माचा प्रश्न तेथे आपोआप निकालात निघाला, असा समज आपल्या चळवळीतही आढळतो. उलट, त्याच देशांतील उजवे पक्ष ‘ख्रिस्ती संस्कृती’ आणि ‘पारंपरिक मूल्ये’ धोक्यात आल्याची हाकाटी सतत करीत असतात. या दोन गोष्टी एकाच वेळी कशा संभवतात, हे समजून घेण्यास इटलीइतके बोलके उदाहरण नाही. पोपचे पीठ त्या देशाच्या राजधानीत आहे, आणि पश्चिम युरोपातील सर्वांत मोठा कम्युनिस्ट पक्षही त्याच भूमीवर उभा राहिला होता.

राजधर्माचा जन्म

इटलीत कॅथलिक धर्माला राज्यसत्तेची नवी शक्ती मिळाली ती ११ फेब्रुवारी १९२९ च्या लॅटेरन करारांनी. तरुणपणी निरीश्वरवादाचा प्रचार करणाऱ्या मुसोलिनीने पोप अकरावे पायस यांच्याशी समझोता केला. कॅथलिक धर्म राज्याचा एकमेव धर्म ठरला, चर्चमधील विवाहाला कायद्याची मान्यता मिळाली, शाळांत धर्मशिक्षण आले. फॅसिझमला श्रद्धेची गरज नव्हती. त्याला हवी होती ती श्रद्धाळूंची आज्ञाधारकता.

फॅसिझमच्या पाडावानंतर घटना समितीत हे करार घटनेत समाविष्ट करण्याचा प्रश्न आला. २५ मार्च १९४७ रोजी सातवे कलम ३५० विरुद्ध १४९ मतांनी संमत झाले. समाजवाद्यांनी विरोध केला. तोग्लियात्ती यांच्या नेतृत्वाखालील कम्युनिस्टांनी बाजूने मत दिले. धर्माच्या प्रश्नावर कामगार-शेतकऱ्यांत फूट पडू नये, ही त्यामागची भूमिका होती. इटलीतील शेतकऱ्यांचा प्रश्न व्हॅटिकनच्या प्रश्नाशी निगडित आहे, हे ग्राम्शी यांनी १९२६ सालीच दाखवून दिले होते. परंतु धर्मपीठाने या सवलतीची परतफेड केली नाही. १९४८ च्या निवडणुकीत चर्चची सारी यंत्रणा ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्षामागे उभी राहिली आणि त्या पक्षाला ४८.५ टक्के मते मिळाली. १ जुलै १९४९ च्या फर्मानाने तर कम्युनिस्ट पक्षाच्या सभासदांना धर्मसंस्कारांची दारे बंद करण्यात आली.

तरीही असंख्य कामगार मुलांचा बाप्तिस्मा करीत राहिले आणि मत कम्युनिस्टांना देत राहिले. पक्षाने १९४६ पासूनच, धर्मश्रद्धा कोणतीही असो, कार्यक्रम मान्य करणाऱ्या प्रत्येकाला सभासदत्व खुले ठेवले होते. फर्मान काढणाऱ्यांना जे उमगले नाही, ते या साध्या माणसांना आपल्या जगण्यातून उमगले होते.

परंपरा म्हणजे नेमके काय?

‘पारंपरिक कुटुंब’ या गोंडस शब्दामागे कोणते कायदे उभे होते, ते पाहिले पाहिजे. पत्नीचा व्यभिचार हा गुन्हा, पतीच्या बाबतीत मात्र वेगळा निकष, ही विषमता घटना न्यायालयाने १९६८-६९ मध्ये रद्द करेपर्यंत टिकली. बलात्कार करणाऱ्याने त्या स्त्रीशी विवाह केला की त्याचा गुन्हा पुसला जाई. १९६५ च्या डिसेंबरात सिसिलीतील आल्कामो गावी पळवून नेलेल्या फ्रांका व्हिओला या शेतकऱ्याच्या मुलीने असा विवाह नाकारला आणि न्यायालयात आरोपीला शिक्षा घडविली. पण तो कायदा रद्द होण्यास १९८१ साल उजाडले.

त्याच काळात दक्षिणेकडील लक्षावधी शेतमजूर पोटासाठी तूरिन-मिलानच्या कारखान्यांत, जर्मनी-स्वित्झर्लंडमध्ये जात होते. काही पुरुषांनी परदेशी दुसरे संसार थाटले. गावी राहिलेल्या पत्नीला मात्र सुटका नव्हती. अशा स्त्रियांना लोक ‘पांढऱ्या विधवा’ म्हणत. कुटुंब मोडले ते भांडवलशाहीच्या गरजेने. त्याच्या पावित्र्याचा भार मात्र गरीब स्त्रीच्या शिरावर राहिला. श्रीमंतांना धर्मन्यायालयांतून विवाह रद्द ठरवून घेण्याचा खर्चिक मार्ग उपलब्ध होता.

१९७४ चा कौल

१ डिसेंबर १९७० रोजी घटस्फोटाचा कायदा झाला. तो रद्द करण्यासाठी प्रतिगाम्यांनी सार्वमताची मागणी केली. ख्रिश्चन डेमोक्रॅटांचे सरचिटणीस फानफानी यांच्याबरोबर नवफॅसिस्टही प्रचारात उतरले. कम्युनिस्ट नेतृत्व आरंभी साशंक होते. श्रद्धाळू जनता, विशेषतः स्त्रिया, विरोधात जातील या भीतीने त्याने सार्वमत टाळण्यासाठी तडजोडीचे प्रयत्नही केले.

ही भीती जनतेने खोटी ठरविली. १२ व १३ मे १९७४ रोजी सुमारे ८८ टक्के मतदारांनी मतदान केले आणि ५९.३ टक्के मते कायदा राखण्याच्या बाजूने पडली. कॅथलिक विचारवंतांचा एक गट उघडपणे कायद्याच्या बाजूने उभा राहिला होता. तशीच भूमिका घेणारे माजी मठाधिपती जोव्हान्नी फ्रांझोनी यांना धर्मपीठाने निलंबित केले. पुढे १९७५ च्या कायद्याने पती हा कुटुंबाचा प्रमुख राहिला नाही. १९८१ मध्ये गर्भपाताचा कायदा राखण्याच्या बाजूने ६८ टक्के मते पडली, आणि १९८४ च्या नव्या कराराने राजधर्म संपुष्टात आला.

याचा अर्थ इटालियन जनतेने श्रद्धा सोडली असा नव्हे. श्रद्धा आपली, कायदा सर्वांचा, हा भेद तिने ओळखला. आणि श्रद्धाळूंची एकजूट राखायची म्हणून धर्मपीठाच्या सत्तेला सवलत द्यावी लागते, हा १९४७ चा हिशेबही तिने चुकीचा ठरविला. त्या हिशेबाची किंमत स्त्रियांनी तेवीस वर्षे मोजली होती.

नवे सोंग

१९९१ मध्ये कम्युनिस्ट पक्ष विसर्जित झाला, १९९४ मध्ये ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्षही. मोकळ्या झालेल्या जागेत नवे उजवे शिरले. मे २०१९ मध्ये मिलानच्या सभेत साल्व्हिनी यांनी जपमाळ उंचावून मते मागितली. ऑक्टोबर २०२२ मध्ये पंतप्रधान झालेल्या मेलोनी ‘देव, देश, कुटुंब’ या जुन्या घोषणेचे समर्थन करीत आल्या आहेत. ओस पडलेल्या चर्चच्या देशात क्रूस हा आता श्रद्धेपेक्षा सरहद्दीचे चिन्ह म्हणून वापरला जात आहे. याउलट, पोप फ्रान्सिस यांनी जुलै २०१३ मध्ये रोमबाहेरील पहिल्या भेटीसाठी लाम्पेदूसा बेट निवडले आणि समुद्रात बुडालेल्या स्थलांतरितांसाठी प्रार्थना केली. एकाच धर्माच्या नावाने एक दार बंद करतो, दुसरा ते उघडण्यास सांगतो. हा भेद ज्याला दिसत नाही, त्याला राजकारण समजले असे म्हणता येणार नाही.

कॉम्रेड्स, यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. श्रद्धाळू कामगाराची श्रद्धा हिणवून त्याला संघर्षात आणता येत नाही. त्याच्या घरात, कारखान्यात, त्याच्या मुलीच्या हक्कासाठी जो उभा राहतो, त्याचेच तो ऐकतो. दुसरे, त्याच्याशी जोडलेली एकजूट ही त्याच्या धर्माच्या ठेकेदारांशी केलेली तडजोड होऊ देता कामा नये. ‘परंपरा’ हा शब्द कोणीही उच्चारला, की तिचा भार कोण वाहतो आणि लाभ कोणाला होतो, हा प्रश्न आपण विचारलाच पाहिजे. आल्कामोच्या त्या मुलीने तो विचारला, तेव्हा तिच्या पाठीशी तिचे शेतकरी कुटुंब होते. अशा प्रत्येक मुलीच्या पाठीशी संघटना उभी करणे, हे आपले काम आहे.